वणव्यानंतरची डोंगरधार

शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना वणवा भेटतो तो बहुधा उपमेंत. दुःखाचा वणवा, क्रोधाचा वणवा, संसाराचा वणवा, हे शब्दप्रयोग नित्य कानांवर पडतात. परंतु डोंगराला लागलेली खरीखुरी आग फार थोड्यांनीं पाहिलेली असते, आणि ती विझून राख थंड झाल्यावर त्याच डोंगराच्या धारेवरून दिवसभर पायीं फिरण्याचा प्रसंग तर सहसा कोणावर येतच नाहीं. ज्वाळा पाहतांना मनुष्य भयानें किंवा कौतुकानें भारून जातो. जळून गेलेल्या भुईवर मात्र त्याला शांतपणें पाहतां येतें. काय गेलें, काय उरलें आणि कोणामुळें, हे प्रश्न तेथेंच सुचतात. या प्रश्नांना मोठा इतिहास आहे. राजांच्या पागांशीं, सरकारच्या कायद्यांशीं आणि गुराख्याच्या पोटाशीं तो सारखाच निगडित आहे.

मराठवाड्यांत, बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत, तलवाडा नांवाचें गांव आहे. तेथील डोंगरावर त्वरिता देवीचें देऊळ असल्यामुळें पंचक्रोशींत त्याला मान आहे. उत्तरेस गोदावरी वाहते. इकडील लोक तिला गंगाच म्हणतात, आणि तिच्या कांठच्या काळ्याभोर पट्ट्याला गंगथडी. दक्षिणेकडे, बीडच्या पलीकडे, बालाघाटच्या रांगा चढत जातात. सह्याद्रीच्या हरिश्चंद्रगडापासून निघालेली ही डोंगरांची शाखा गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांमधून आग्नेयेस उतरत गेली आहे. गंगथडीच्या बाजूस तिच्या पायथ्यापासून दूरवर लहानमोठ्या टेकड्या विखुरलेल्या आहेत. डोंगर म्हटला कीं ज्यांच्या डोळ्यांपुढें रायगडाचे कडे येतात, त्यांनीं येथें ती अपेक्षा ठेवूं नये. येथील डोंगर बसके, माथ्यावर सपाट आणि अंगाला पायऱ्या पाडल्यासारखे असतात.

या पायऱ्यांचें कारण पुरातन आहे. सुमारें सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीं भूमीला पडलेल्या भेगांतून तप्त शिलारस वारंवार वर येऊन पसरला, थरावर थर बसला, आणि आजहि सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्या काळ्या पाषाणानें झांकलेला आहे. कठीण थर टिकले, भुसभुशीत थर झिजले, म्हणून पायऱ्या झाल्या. भूगर्भशास्त्रज्ञांनीं या खडकाला ‘ट्रॅप’ हें नांव दिलें, त्याचा मूळ स्वीडिश अर्थहि जिना असाच आहे. ज्या डोंगराचा जन्मच अग्नींतून झाला त्याला गवताच्या आगीचें कसलें भय, असें कोणी विनोदानें म्हणेल. पण भय दगडाला नसतें. दगडावरच्या वीतभर मातीला असतें.

मोसमी ढगांचा मोठा ऐवज सह्याद्रीच्या कड्यांवरच रिता होतो. पलीकडे जें उरतें त्यावर बीड जिल्ह्याला वर्ष काढावें लागतें. साधारण वर्ष असलें तर सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, आणि वाईट असलें तर विचारूंच नये. हा मुलूख राजपुतान्यासारखा वाळवंटी नव्हे हें खरें. परंतु होळीपासून मृगापर्यंत डोंगराचा माथा पाहणाऱ्याला तो फरक सांगूनहि पटणार नाहीं. ओढे कोरडे, माती भेगाळलेली, आणि उतारावर गुडघाभर उंचीचें वाळलेलें पिवळें गवत. तेथें एक ठिणगी पुरते.

ही ठिणगी कोठून येते? बांबूवर बांबू घासून वणवे पेटतात, असें शाळेंतून पिढ्यान् पिढ्या शिकविलें गेलें. ज्या माळरानी डोंगरांवर बांबूचें नांवहि नाहीं तेथें दरसाल वणवा कसा लागतो, हा प्रश्न विद्यार्थ्यानें विचारावयाचा राहिला आणि मास्तरांनींहि सांगावयाचें राहिलें. आपल्या देशांतील बहुतेक सर्व वणवे माणसाच्या हातून लागतात. फेकून दिलेली विडी, बांधावरचा पालापाचोळा जाळतांना सुटलेली आग, मोहोळ काढण्यासाठीं केलेला धूर, आणि कित्येकदां नवें गवत लवकर फुटावें म्हणून मुद्दाम लाविलेली काडी. अलीकडे यांत आणखी एका कारणाची भर पडली आहे. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें, त्याचा उजवा कालवा गेवराईच्या मुलखांतून माजलगांवाकडे गेला, आणि जेथें ज्वारी-बाजरी होत असे तेथें ऊंस उभा राहिला. ऊंस तोडून नेल्यावर शेतांत पडलेलें पाचट जाळून टाकण्याची संवय लागली. वारा फिरला तर ती आग बांध ओलांडून डोंगराला जाऊन भिडते.

वणवा विझून चारपांच दिवस झाले आहेत, आणि एखादा पांथस्थ पहांटेस पायथ्यापासून निघून डोंगराच्या धारेवर आला आहे, अशी कल्पना श्रोत्यांनीं करावी. त्याच्या नजरेंत प्रथम भरतें तें हें, कीं धारेची एक बाजू काळीठिक्कर आहे आणि दुसरी जशीच्या तशी पिवळी. मधून गुरांची पाऊलवाट गेलेली आहे. एवढीशी वाट आगीनें कां ओलांडली नाहीं? चढावर आग धांवते, कारण तिच्या ज्वाळा वरच्या अंगाचें गवत आधींच तापवून ठेवतात. चढ दहा अंशांनीं अधिक झाला कीं तिचा वेग सुमारें दुप्पट होतो असा आडाखा आहे. धारेवर पोंचतांच वर तापविण्यासारखें कांहीं उरत नाहीं, पलीकडच्या उतारावरून येणारा वारा तोंडावर बसतो, ती मंदावते; आणि नेमकें तेथेंच गुरांच्या खुरांनीं गवत नाहींसें केलेलें असतें. जंगलखातें जाळरेषा म्हणून जो पट्टा मुद्दाम जाळून मोकळा ठेवतें, त्याचें काम येथें गुराख्याची वाट फुकट करीत आली आहे. म्हणून जाणतीं माणसें वणवा झोडपण्यास धारेवरच उभीं राहतात. निंबाच्या किंवा पळसाच्या ओल्या फांद्या हातांत घेऊन, आणि शक्य तर रात्रीं, वारा पडल्यावर.

काळ्या बाजूनें खालीं उतरूं लागलें कीं पायाखालीं राख कुरकुरते. ती सगळीकडे सारखी नसते. गवत घाईघाईनें जळालें तेथें ती काळी असते. एखादें वाळलेलें खोड रात्रभर धुमसत राहिलें तेथें पांढरीशुभ्र, आणि आडव्या पडलेल्या खोडाच्याच आकाराची. काळ्या राखेंत कोळसा शिल्लक असतो, पांढरींत नुसते क्षार. त्यांत पालाश आणि चुना असतो, तेव्हां राख म्हणजे खत हा शेतकऱ्याचा समज अगदींच निराधार नाहीं. परंतु गवतांतला नत्र बहुतांशीं धुराबरोबर आकाशांत गेलेला असतो, आणि उरलेले क्षारहि वळवाच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर ओढ्याला लागतात. मग पिकाचा लाभ कोणाला होत असेल तर तो खालच्या शेतकऱ्याला, डोंगराला नव्हे.

जळलेली भुई थोडी उकरून पाहिली तर दोन-तीन बोटांखालीं माती जशीच्या तशी असते. गवताची आग वेगानें पुढें जाते, तिला खोलवर तापविण्यास सवडच नसते. या दोन बोटांच्या मातींतच पुढल्या वर्षाच्या डोंगराचा निकाल लागलेला असतो. आपल्या माळावर चाऱ्याच्या दृष्टीनें मारवेल, पवना हीं गवतें उत्तम मानलीं जातात. कुसळी हें हलकें. कोंवळेपणीं तें गुरें खातात, पण पिकल्यावर त्याचीं टोंकदार बीजें मेंढरांच्या लोंकरींत आणि जनावरांच्या तोंडांत रुततात. या बीजाला लांब, पीळ घातलेलें कुसळ असतें. हवा दमट झाली कीं पीळ सुटतो, कोरडी झाली कीं पुन्हा बसतो. अशा रीतीनें गिरमिटाप्रमाणें फिरत फिरत तें बीज स्वतःला मातींत पुरून घेतें. वरून आग निघून जाते आणि बीज सुखरूप राहतें. दरवर्षीं जळणाऱ्या आणि अतोनात चरल्या जाणाऱ्या डोंगरावर म्हणूनच चांगलीं गवतें मागें पडतात व कुसळी माजते. गुराखी नव्या कोंबाच्या आशेनें काडी लावतो, कोंब फुटतोहि, पण वर्षांमागून वर्षें तो कुसळीचाच असण्याचा संभव वाढत जातो.

हें गवत केवळ आपल्याच दारीं उगवतें असें नव्हे. अमेरिकेंतील ॲरिझोनाच्या वाळवंटी डोंगरांवर हेंच आहे. हवाई बेटांतले मूळ रहिवासी त्याला पिली म्हणत आणि त्यानें घरें शाकारीत. ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलँडचे गुरेंपाळ तें जाळून नवा चारा काढीत आले. ज्यांची एकमेकांशीं कधीं गांठ पडली नाहीं अशा माणसांनीं एकाच गवताला एकच उपाय योजावा, यावरून तलवाड्याचा काडी लावणारा गुराखी अडाणी किंवा दुष्ट ठरत नाहीं. त्याचें चुकतें तें प्रमाणांत. ज्या मुलखांत जमीन अफाट आणि गुरें विरळ तेथें जाळलेल्या रानाला विसांवा मिळतो. येथें राख निवते न निवते तोंच शेळ्यांचा कळप कोंबावर येऊन उभा राहतो.

झाडांची कथा निराळी आहे. पळस मुळांपासून पुन्हा फुटतो. त्याला आग जणुं अंगवळणी पडलेली आहे. बोर, तरवड, टणटणी यांनाहि बुंध्यापासून नवे धुमारे येतात. बालाघाटच्या डोंगरांतील सीताफळ मात्र माणसाच्या संसाराला जडलेलें झाड आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु त्याच्या कितीतरी आधींपासून दिवाळीच्या सुमारास डोंगरांतून टोपल्या भरून आणणाऱ्या बायाबापड्यांचा तो एक हक्काचा पैसा होता. वणव्यांत सीताफळीचीं झुडपें मरत नाहींत, पण वरचें लांकूड जातें आणि त्याबरोबर त्या वर्षाचें फळ बहुतेक जातें. ज्यांच्या नांवावर जमीन नाहीं त्यांचें हें नुकसान कोणत्याहि पंचनाम्यांत सांपडावयाचें नाहीं.

पांथस्थ आणखी कांहीं पाहील. मुंग्यांच्या वारुळांचीं तोंडें उघडीं पडलेलीं असतात. आग चालूं असतां कोतवाल आणि नीलकंठ पक्षी धुराच्या कडेकडेनें फिरून उडणारे किडे टिपतात. त्यांना तो सुगीचा दिवस. ससा आणि तित्तिर यांचा आडोसा जातो. बीडच्याच पाटोदा तालुक्यांत नायगांव येथें मोरांसाठीं १९९४ सालीं सुमारें तीस चौरस किलोमीटरांचें अभयारण्य झालें आहे. मोर पावसाळ्यांत अंडीं घालतो, तेव्हां त्याचें घरटें वणव्यांतून वांचतें. माळटिटवी मात्र ऐन उन्हाळ्यांत उघड्या खडकाळ भुईवर अंडीं घालते. जळून मोकळी झालेली जागाहि तिला चालते. पण वणवा अंडीं घातल्यावर आला तर ती काय करील?

हाच प्रश्न महाभारतकारांनीं हजारों वर्षांपूर्वीं विचारला आहे. आदिपर्वांत खांडववन जळतें त्या प्रसंगीं जरिता नांवाची पक्षिणी आपल्या चार पिलांजवळ बसलेली असते. पिलांना पंख फुटलेले नाहींत. ती म्हणते, उंदराच्या बिळांत शिरा, मी वरून माती लोटतें. पिलें म्हणतात, बिळांत उंदराच्या तोंडीं मरण्यापेक्षां अग्नीनें मरणें बरें, तूं मात्र उडून जा. अखेर अग्नि त्यांना सोडून पुढें जातो. खांडववनाच्या त्या अफाट संहारांत कथाकाराचें लक्ष चार पिलांवर जाऊन खिळावें, हें त्यानें खरा वणवा डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय घडलें नसेल. जळलेल्या रानांत अधूनमधून एखादा हिरवा तुकडा मुळींच न जळतां राहिलेला असतो, तो पाहिल्यावर ही कथा निव्वळ चमत्काराची वाटत नाहीं.

दुपारीं ऊन तापलें कीं धारेवरून दूरवरचा जळलेला डोंगर वेगळाच दिसूं लागतो. हवा थरथरते, आणि क्षितिजावर ती काळी रांग ढगासारखी भासते. हा भास जुना आहे. तलवाड्याहून गोदावरीच्या कांठानें वर गेलें कीं पैठण लागतें. तेथें सातवाहनांची राजधानी होती, आणि हाल सातवाहनाच्या नांवावर प्राकृत गाथांचा जो प्रसिद्ध संग्रह आहे त्यांतील एका गाथेंत हेंच दृश्य आलें आहे. ज्या स्त्रीचा पति परगांवीं गेला आहे आणि पावसाळ्यापूर्वीं परतणार आहे, तिला मैत्रीण धीर देते कीं दूर दिसतात ते नवे मेघ नव्हेत, वणव्याच्या काजळीनें मळलेलीं विंध्याचीं शिखरें आहेत. अजून अवधि आहे. कालिदासानें ऋतुसंहारांत ग्रीष्माचा वणवा वर्णिला, पण तो राजसभेच्या गवाक्षांतून पाहिल्यासारखा भव्य आहे. गाथेंतल्या बाईला त्या काजळीचा उपयोग माहीत आहे. ती डोंगराकडे बघून दिवस मोजते.

वणव्याला राजकारणांत स्थान मिळालें तें घोड्यामुळें. मध्ययुगांतील दक्षिणेंतील सैन्य म्हणजे मुख्यतः घोडदळ, आणि घोडदळ म्हणजे वैरण. दसऱ्याला शिलंगण करून मोहिमेस निघण्याच्या प्रथेमागें धर्म होता तसा गवताचा हिशेबहि होता. नद्या उतरलेल्या आणि कुरणांत गवत पिकून तयार झालेलें, असा तो काळ. राज्याचीं राखीव कुरणें असत, तेथील गवत कापून गंजी रचीत, आणि त्या गंजीवर उन्हाळा काढीत. अशी गंजी जळणें म्हणजे लढाई न होतां पागा बुडणें.

शिवाजी महाराजांना हें पुरतें ठाऊक होतें. चिपळूणजवळ दळवटणें येथें छावणी करून राहिलेल्या लष्करांतील जुमलेदार-हवालदारांना १६७३-७४ च्या सुमारास त्यांनीं लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाहि आजार देऊं नये या आज्ञेसाठीं तें पत्र सर्वत्र सांगितलें जातें. पण त्याचा दुसरा भाग आगीविषयीं आहे, आणि तो फारसा कोणी वाचीत नाहीं. कोणी स्वयंपाकाच्या चुली पेटवितील, कोणी तंबाखूसाठीं विस्तव नेतील, कोणी दिवा जळता ठेवून निजतील आणि उंदीर ती पेटती वात ओढून नेतील. त्यानें गवताच्या गंज्या जळतील, मग घोडे मरतील आणि त्याचें पाप तुमच्या माथीं येईल, अशा अर्थाचा तो इशारा आहे. राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावर उभा असलेला राजा उंदरानें पळविलेल्या वातीचा विचार करतो! आगीच्या बंदोबस्ताचें याहून नेमकें टिपण आजच्या परिपत्रकांतहि क्वचितच सांपडेल. पुढें रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत आंबा-फणसासारखीं झाडें तोडूं नयेत, कारण झाड एकादोन वर्षांत होत नाहीं, असें बजाविलें. या दोन लेखांवरून मराठी राज्याचें रानाविषयींचें धोरण काय होतें याची कल्पना येते, जरी अंमल सर्वत्र आणि सर्वकाळ तसाच झाला असें म्हणतां येणार नाहीं.

कारण जें राखावयाचें तेंच शत्रूचें असलें तर जाळावयाचें, हाहि त्या युद्धांचा नेम होता. तलवाडा ज्या गेवराई तालुक्यांत आहे त्याच तालुक्यांत गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन आहे. १७६३ सालच्या उन्हाळ्यांत निजामअलीच्या फौजेनें पुणें लुटलें आणि जाळलें. तिकडे पेशव्यांची फौज निजामाच्या मुलखांत तेंच करीत फिरत होती. त्या दोन आगींचा शेवट १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवनास झाला. गोदावरीला पूर आलेला, निजाम पलीकडच्या तीरावर, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे अडकलेला. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनीं तो डाव साधला. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला तह करावा लागला. इतिहासाच्या पुस्तकांत ही लढाई पेशव्याच्या उदयाची म्हणून येते, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या वर्षीं भीमेपासून गोदावरीपर्यंत ज्यांचीं घरें व वैरण गेली त्यांना ती दुसऱ्याच कारणानें आठवत राहिली असेल. सोळा वर्षांनीं, १७७९ च्या जानेवारींत, इंग्रजांची फौज बोरघाट चढून तळेगांवपर्यंत आली तेव्हां मराठ्यांनीं पुढला मुलूख ओसाड करून ठेवला. गांव रिकामें, दाणा-वैरण जळलेली. वडगांवला इंग्रजांना जी शरणागति पत्करावी लागली तींत तोफांइतकाच या जळीताचा वांटा होता.

इंग्रजी अंमल आल्यावर गवताला धनी बदलला. १८६४ सालीं ब्रँडिस हा जर्मन विद्वान् हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा पहिला मुख्य झाला. त्याच सुमारास सातपुड्यांतील बोरीच्या रानांत कर्नल पिअर्सन यानें जाळरेषा आंखून व राखणदार ठेवून वणवा सर्वस्वीं बंद करण्याचा पहिला मोठा प्रयोग केला. तो यशस्वी झाला, आणि खात्याला असें वाटूं लागलें कीं आग म्हणजे केवळ शत्रु. १८७८ च्या व पुढें १९२७ च्या कायद्यानें राखीव जंगलांत आग लावणें गुन्हा ठरलें. १९२७ च्या कायद्याचें सव्विसावें कलम आजहि पाहण्यासारखें आहे. कोणी बुद्ध्या किंवा घोर निष्काळजीपणानें वणवा लावला तर त्या रानांतील चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क कांहीं काळ स्थगित करण्याचा अधिकार सरकारला आहे. म्हणजे काडी एकाची आणि उपास गांवाचा. शिवाय ज्यांना रानांत हक्क आहेत त्यांनीं वणवा विझविण्यास मदत केलीच पाहिजे, असेंहि दुसरें कलम सांगतें.

महात्मा फुल्यांनीं १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जंगलखात्यावर ओढलेले कोरडे प्रसिद्ध आहेत. डोंगर, दऱ्या, गायरानें सरकारांत घातल्यामुळें शेतकऱ्याच्या शेळीलाहि जागा उरली नाहीं, ही त्यांची तक्रार. १९३० सालीं ती सत्याग्रहाच्या रूपानें बाहेर पडली. पुसदला १० जुलै रोजीं लोकनायक अण्यांनीं राखीव रानांतलें गवत कापलें. कुलाबा जिल्ह्यांत चिरनेरला २५ सप्टेंबर रोजीं गोळीबार झाला. मीठ आणि गवत, दोन्ही फुकट मिळणाऱ्या वस्तु. दोन्हींसाठीं माणसें तुरुंगांत गेलीं. मिठाची कथा सर्वांना पाठ आहे, गवताची मात्र पाठ्यपुस्तकांत एका ओळींत संपते. तलवाडा तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें, त्यामुळें तेथें वारें उशिरां पोंचलें. १९४७-४८ च्या लढ्यांत संस्थानी महसुलाला धक्का देण्यासाठीं शिंदीचीं झाडें तोडण्याचा कार्यक्रम तिकडे झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. राज्यें बदललीं; वणव्याचा कायदा तोच राहिला.

गंमत अशी, कीं आग सर्वस्वीं वाईट या मतावर खुद्द जंगलखात्याचाच विश्वास फार काळ टिकला नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रह्मदेशांतील सागाच्या आणि बंगाल-आसामांतील सालाच्या ओलसर रानांत आग बंद केली तेथें जुनीं झाडें वाढलीं, पण नवीं रोपें उगवेनात. तेव्हां ठराविक जागीं, ठराविक वेळीं, हलकी आग पुन्हा लावूं देण्यांत आली. अमेरिकेनें उलट मार्ग धरला. १९१० सालच्या ऑगस्टांत आयडाहो आणि मोंटाना प्रांतांत दोन दिवसांत सुमारें तीस लक्ष एकर रान जळालें, त्या धसक्यानें तेथील खात्यानें प्रत्येक आग तात्काळ विझविण्याचा पण केला. १९३५ सालीं तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या आंत ती विझलीच पाहिजे असा नियम झाला. परिणामीं वाळलेला पाला-काटक्या वर्षानुवर्षें सांचत गेल्या आणि पुढच्या आगी अधिकच भयंकर झाल्या. १९७० नंतर तो नियम सोडून द्यावा लागला. तरीहि या दोन्ही उदाहरणांचा आधार घेऊन तलवाड्याचा डोंगर जाळण्यास कोणी परवानगी मागूं लागला तर ती देऊं नये. तीं दाट, ओलीं रानें. येथें मुळांत वीतभर माती आहे आणि ती धरून ठेवणारें एवढें गवतच काय तें आहे.

आतां वणवा आकाशांतून पाहतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारें राज्यांना वणव्यांची सूचना देत आली आहे. आतां ती दूरध्वनीवर संदेशरूपानें पोंचते. व्यवस्था उत्तम आहे. पण हे उपग्रह एका जागेवरून दिवसांतून मोजक्याच वेळां जातात. माळावरचें गवत तासाभरांत जळून विझलें तर त्यांना कळण्याचा संभव थोडा. आणि कळलें तरी फांदी घेऊन धारेवर उभा राहणारा माणूस हवा. तो कोठें आहे?

बीड हा ऊंसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळी झाली न झाली कीं बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे निघून जातात, आणि हंगाम संपल्यावर, चैत्राच्या आसपास, परततात. वणव्याचा काळ फाल्गुन-चैत्र. म्हणजे गवत पेटतें तेव्हां गांवांत म्हातारीं आणि पोरें उरलेलीं असतात. मागच्या पिढीनें वणवा विझविला तो धाडसानें असेल. पण त्याहून अधिक, ती पिढी त्या वेळीं घरीं होती म्हणून. डोंगर अलीकडे अधिक जळतात अशी तक्रार करणाऱ्यांनीं ही एक गोष्ट हिशेबांत घ्यावी.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, जो २०२४ पर्यंत अहमदनगर होता, हिवरे बाजार गांवानें १९९० नंतर निराळा मार्ग काढला. तेथें डोंगरावर मोकळीं गुरें सोडण्यास बंदी आहे, विळ्यानें गवत कापून नेण्यास नाहीं. मुळें जागीं राहतात, माती राहते, गुरांना गोठ्यांत चारा मिळतो, आणि उन्हाळा येईपर्यंत डोंगरावर पेटण्यासारखें फारसें उरत नाहीं. उपाय साधा आहे, आणि बीडच्या डोंगरांना तो लागू पडणार नाहीं असें मुळींच नव्हे. अडचण एवढीच, कीं गवत कापावयाचें तें कार्तिक-मार्गशीर्षांत, तें पिकल्यावर आणि तुटून पडण्यापूर्वीं. आणि कारखान्यांच्या टोळ्या निघतात त्याहि त्याच दिवसांत. विळा चालविणारे हात तेव्हां शंभर कोसांवरच्या फडांत कोयता चालवीत असतात, आणि तलवाड्याच्या उतारावरचें गवत उभ्याउभ्या वाळत राहतें.